दोरा ओढू नका, बाबा

माझ्या थोरल्या काकांचा हार घातलेला फोटो मीच मोठा केला होता, आणि ते पाप अजून माझ्या माथी आहे. काका अचानक गेले. घरात दुसरा फोटो नव्हता, म्हणून मतदार ओळखपत्रावरचा बोटाच्या पेराएवढा चेहरा मी ताटाएवढा केला. ज्वारीच्या भाकरीला मिशा फुटल्यासारखे काका दिसू लागले. तेरवीला आलेला प्रत्येक पाहुणा फोटोपुढे वाकून विचारायचा, "हे कोन?"

त्याच दिवशी माझ्या बाबांनी जाहीर केलं, "माहा फोटो मी जित्ता असतानाच पाहीन. मले पसंत पडला तरच भितीवर लावजो."

बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचा, हळूच ओढायचा आणि धागा किती लांब, किती पक्का ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या चिमटीपुढे व्यापारी वाद घालत नसत. पण त्या वर्षांत कापसाचे भाव पडले, जिनिंगला कुलूप लागलं आणि बाबांचं मत विचारायला कुणी येईना. माझ्या फोटो स्टुडिओचीही तीच गत झाली, कारण लोक लग्नंच पुढे ढकलत होते. घरात दोन रिकामे पुरुष आणि एक कामात बुडालेली बायको, असा संसार सुरू झाला.

बाबांच्या अटी साध्या नव्हत्या. स्टुडिओत बसणार नाही, जिनिंगच्या फाटकापुढे उभा राहीन. मिशीचा केस न् केस मोजता आला पाहिजे. आता केस मोजायचे तर फिल्म तळहाताएवढी हवी. माझ्या उस्तादांनी दिलेला तसला एक जुना कॅमेरा माळ्यावर होता. काढून पाहिला, तर वाळवीनं लाकूड खाल्लं होतं, स्टँड खाल्लं होतं, आणि फक्त भिंग व शटर शिल्लक होतं. मी म्हटलं, बाकीचा कॅमेरा आपणच करू. स्टँड नाही तर हातात धरू.

सागवानाच्या दोन पेट्या केल्या, काडेपेटीसारख्या एकात एक सरकणाऱ्या. पुढच्या पेटीला भिंग लावलं, मागच्या पेटीला वाळूच्या कागदानं घासून धुरकट केलेली काच. मूठ म्हणून बायकोच्या कुकरचा दांडा काढला. जुन्या कुकरचा, असं मी समजत होतो. त्या आठवड्यात घरात वरण शिजलं नाही.

बाबांना समोर खाटेवर बसवून काचेवर चित्र पाहिलं. अशा काचेवर चित्र उलटं दिसतं. बाबांनीही हट्टानं कॅमेऱ्यामागे येऊन काचेवर खाटेवरची उलटी उशी पाहिली आणि म्हणाले, "मले असाच उलटा टांगला व्हता काय रे?"

खरी पंचाईत पुढेच होती. फोटो काढताना काचेच्या जागी फिल्म बसते, म्हणजे समोरचं काहीच दिसत नाही. भिंग तर एका ठरावीक अंतरावरचंच स्पष्ट टिपतं; मग माणूस नेमका तेवढ्याच अंतरावर आहे, हे कळायचं कसं? मी कॅमेऱ्याला एक दोरा बांधला आणि पाच फुटांवर गाठ मारली. समोरच्यानं गाठ नाकाला लावायची, दोरा सोडायचा, मी खटका दाबायचा. दोरा अर्थात बाबांनी दिला. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गठाणी शिवायचा, शुद्ध सुती.

फिल्म एक्स-रेची होती, ओळखीच्या कंपाउंडरनं दिलेली सहा पानं. बातमी फुटली आणि बाजारातला एक हमाल शर्ट वर करून उभा राहिला. "भाऊ, मुतखडा दिसते का पाहा ना जरा." मी त्याचा शर्ट खाली करून फोटो काढला. आणखी चौघांचे काढले. न्हाणीघराच्या झरोक्याला घोंगडी लावून पाचही फिल्मा धुतल्या.

पाचही चेहरे धुक्यात होते आणि पाचही मुठी लख्ख. नखातला मळ दिसत होता.

मी आठवडाभर पेट्या घासल्या, काच उलटी-सुलटी केली, उस्तादांच्या भिंगाला शिव्या घातल्या. शेवटी बायकोनं ब्लाउजचं माप घ्यायची पट्टी आणून दोरा मोजला. गाठ पाच फुटांवरून चार बोटं पुढे गेली होती.

"दोरा वाढला हो तुमचा. लोकं ओढून राह्यले त्याले," ती म्हणाली.

तेव्हा उजेड पडला. आमच्या जिल्ह्यात माणसाच्या हाती दोरा दिला, की तो नाकाला लावण्याआधी ओढून पाहतो. हमालानं ओढला, गाडीवानानं ओढला, आणि त्या खेचाखेचीत सगळे चार बोटं मागे सरकले. सोडायचं तर कुणाला सुचलंच नाही, म्हणून पाच फुटांवर मूठ आली आणि चेहरा तिच्या मागे राहिला.

मी नायलॉनची दोरी आणली. बाबांनी ती दोन बोटांत धरली आणि ओढली.

"हे कायले? प्लास्टिक लावू का नाकाले?"

शेवटी नवा सुती दोरा घेतला. फिल्मचं एकच पान उरलं होतं आणि कंपाउंडरची बदली झाली होती. फाटकापुढे मी तीनदा बजावलं, "दोरा ओढू नका, बाबा."

"काहून ओढीन? मी काय येडा हाओ?"

त्यांनी गाठ नाकाला लावली. मी खटक्यावर बोट ठेवलं. तेवढ्यात त्यांनी दोरा नाकाखाली दोन्ही चिमटींत घेतला, मान मागे नेऊन डोळे बारीक केले, हळूच ओढला आणि म्हणाले, "कच्चा हाये." आणि माझ्या बोटानं खटका दाबला गेला.

फोटो धुतला तेव्हा मला रडू कोसळायचं बाकी होतं. चेहरा गेला होता. मिशी म्हणजे नुसता काळा पट्टा. पुढे मात्र दोन अंगठे, दोन तर्जन्या, मधे ताणलेला दोरा आणि दोऱ्याचा पीळसुद्धा स्पष्ट. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट होती आणि तीही मी बिघडवली. मी मान खाली घालून फोटो त्यांच्यापुढे ठेवला.

ते उठले. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून बाजारात निघून गेले. दुपारी परत आले तेव्हा पाऊल हलकं होतं.

"त्या बुढ्या गाडीवानाले दाखवला. कोन हाये, सांगतलं नाही. त्यानं तोंडाकडे पाह्यलंबी नाही. म्हने, अरे, हे तं आपले ग्रेडरसाहेब!" खिळा आणि हातोडी त्यांनी स्वतःच काढली. "लाव."

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तेरवीला एकाही पाहुण्यानं "हे कोन?" असं विचारलं नाही. हार मात्र बायको दर वर्षी आखूड ओवते. चेहऱ्यावर आला तरी चालतो, हात तेवढे झाकू देत नाही.