मुलीच्या सीईटीचे तीन रकाने

मुलीला शहरातल्याच एका कॉलेजात सिव्हिलची जागा मिळाली. तिला हवं होतं कॉम्प्युटर. जागा पक्की करायची, की ती सोडून पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी द्यायची, हे ठरवायला आमच्याकडे तीन दिवस होते. जागा घ्यावी असं माझं मत होतं. पण नुसतं मत सांगणं मला जमत नाही, आकडा लागतो.

काटोलच्या माझ्या मेव्हण्याला आकडा लागत नाही. त्याचा संत्र्याचा बगीचा आहे आणि संत्र्याला वर्षातून दोनदा बहार धरता येतो. फोनच्या स्पीकरवर तो म्हणाला, "भाऊजी, आंबिया बहार हुकला तं मृग बहार धरायचा. झाडाले ताण द्या, पाणी तोडा, मंग पाहा कसं फुलते."

मुलगी आतल्या खोलीतून ओरडली, "मामा, मी झाड नाही! माझं पाणी तोडू नका."

निकालाआधी तिची प्रश्नपत्रिका, बरोबर उत्तरं आणि तिने दिलेली उत्तरं संकेतस्थळावर दिसत होती, ती मी तेव्हाच छापून ठेवली होती. रविवारी दुपारी तिला समोर बसवलं आणि दीडशेही प्रश्न तीन रकान्यांत मांडायला लावले: येत होतं, घाईत चुकलं, की तुक्का. तुक्के निघाले चाळीस. त्यांतले सतरा बरोबर आले होते. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तर चाळिसात दहाच बरोबर यावेत. म्हणजे सात नशिबाचे.

"पुन्हा दिलीस तर आधी हे सात भरून काढावे लागतील," मी म्हणालो. "तुझी सुरुवात वजा सातपासून."

मुलगी कागदावर वाकली. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "सगळ्याच पोरी तुक्के मारते. त्याईचे बाप मोजत बसते का? काहून रडवून राहिले तिले?"

पण ती रडत नव्हती. मधला रकाना वाचत होती. "घाईत चुकलेले एकोणीस आहेत, बाबा. ते तर माझेच आहेत नं?"

ते मी हिशेबात धरले नव्हते. घाई ही सवय असते, ती पुढच्या वर्षीही होणार, असं मी गृहीत धरलं होतं. तसं तिला सांगितलं आणि विचारलं, "घाई केलीस तरी कशाला?"

"सांगू? त्या सकाळी गेटवर तुम्हीच म्हणाले, गणिताच्या एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. मी प्रत्येक प्रश्नाले घड्याळच पाहून राहिली होती."

मी रकाना पुन्हा तपासला. एकोणिसांपैकी सोळा गणिताचे होते. माझा भागाकार बरोबर होता: नव्वद मिनिटं, पन्नास प्रश्न. तो गेटवर सांगायला नको होता.

बायको हातात लाटणं घेऊनच बाहेर आली. "लिहा नं आता. चौथा रकाना करा, बापामुळे चुकलेले."

मी केला. सोळा लिहिले. त्यानंतर जागा घे म्हणायला माझ्याकडे आकडा उरला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही जागा सोडली. मुलीने एक अट घातली: पुढच्या परीक्षेला ती आईच्या गाडीवर जाईल, मी घरीच थांबायचं. मी कबूल झालो. घरापासून केंद्रापर्यंत किती मिनिटं लागतात, तेवढं काढून ठेवू का, असं विचारलं.

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.