कप हलवला की उठायचं

ओमानात एकंदर वाळू किती, हे तिथल्या सरकारलाही ठाऊक नसेल. पण त्यातली निम्मी मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये येऊन पडली होती, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे. ती आणून टाकणारा इसम म्हणजे हिचा मावसभाऊ. गुहागरकडचा, मस्कतमधल्याच गाला भागातल्या एका गॅरेजात गाड्यांचं वायरिंग करणारा, आणि सुट्टी लागली रे लागली की पाठीवर सॅक टाकून वाळवंटात पसार होणारा. परतला की आधी आमच्याकडे येऊन अंघोळ करायचा, कारण त्याच्या खोलीवर बाथरूमला रांग. मग मी मोरीच्या जाळीपाशी उकिडवा बसून वाळू उकरत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. "अहो, हळू बोला, ऐकेल तो," ही म्हणायची. "ऐकू दे! रेतीचा धंदा काढ म्हणावं!" हल्ली काही वर्षं आमचं बाथरूम लख्ख असतं. ते लख्ख बाथरूम मला बघवत नाही.

त्याची सॅक म्हणजे बासमतीचं पोतं होतं. त्याला भंगारात निघालेल्या कुठल्यातरी गाडीच्या सीटबेल्टचे पट्टे शिवलेले. निघताना आमच्या दारात उभा राहून तो छातीवरचं बक्कल खट्कन लावायचा आणि म्हणायचा, "सेफ्टी फर्स्ट, भावोजी!" तंबू म्हणजे गाडी झाकायचं कव्हर. शिदोरी म्हणजे हिच्या हातच्या दशम्या आणि लसणीची चटणी. वाहन म्हणजे रस्त्यावर अंगठा दाखवल्यावर जे थांबेल ते, पाण्याचा टँकर म्हणू नका, गवताचा ट्रक म्हणू नका. आमची मुलगी नाक दाबून म्हणायची, "मामा, तू रिअल बॅकपॅकर आहेस, पण तुझा स्मेल गोटसारखा येतो." तो म्हणायचा, "बकऱ्यांच्याच पिकअपमधून आलो ना बाय! त्या बिचाऱ्या सरकून बसल्या, हेच उपकार." एकदा समुद्र बघायला म्हणून दुक्मला गेला, तर तिथल्या कामगारांच्या कॅम्पच्या मेसमध्ये त्याला नवीन भरती समजून पोटभर जेवायला वाढलं आणि जेवण झाल्यावर हातात हेल्मेट दिलं. याने अर्धा दिवस पाइप उचलले. "अरे, सांगायचं ना, मी तुमचा माणूस नव्हे म्हणून!" "असं कसं? खाल्ल्या अन्नाला जागायला नको?"

वाळवंटाची त्याला पहिली ओळख झाली तीच मुळी एका गैरसमजातून. कुणीतरी सांगितलं, पुढे एक वादी आहे. आता हा कोकणातला माणूस. वादी म्हणजे आपली वाडीच, अरबांना ड म्हणता येत नाही, असं धरून चालला. वाडी आहे म्हणजे दहा घरं असतील, विहीर असेल, कुणीतरी ओटीवर पथारी देईल. संध्याकाळपर्यंत धोंड्यांतून तंगडतोड केली. घर नाही, कौल नाही, कुत्रंसुद्धा नाही. शेवटी तिथेच कव्हर अंथरून झोपला. सकाळी एका मेंढपाळाने त्याला हाताला धरून ओढत वर काढलं आणि आभाळाकडे बोट दाखवून भरपूर शिव्या दिल्या. वादी म्हणजे पाण्याची वाट, वर डोंगरात पाऊस पडला की खालच्या कोरड्या धोंड्यांतून लोंढा येतो, हे तेव्हा त्याला कळलं. आम्हाला तो ही गोष्ट हसून हसून सांगायचा. "थोरली वाडी, भावोजी! आणि वस्तीला एकटा मी!"

"एवढी रजा मिळते तर गावाला का जात नाहीस?" असं मी एकदाच विचारलं. त्याची आई गेली तेव्हा याचा पासपोर्ट अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, कपाटात आणि अर्बाब बाहेरगावी. पोचला तो तेराव्याला. "आता गावाला जाऊन 'आलो गं' कुणाला म्हणू?" तो म्हणाला. पावसाळ्यात सलाला हिरवंगार होतं म्हणून एका वर्षी तिकडे गेला. नारळ, केळी, धुकं, सगळं बघून आला आणि आठवडाभर घुम्यासारखा बसला. पुन्हा तिकडे फिरकला नाही. म्हणे, "सगळं घरासारखं दिसतं आणि घर नसतं. त्यापेक्षा वाळू बरी, ती फसवत नाही."

हक्काचं म्हणाल तर त्याला या देशात दोनच दारं होती. एक आमचं. दुसरं शर्किय्याच्या वाळूच्या कडेला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बदूचं. हे बदू म्हणजे उंट राखणारे वाळवंटातले लोक. पहिल्यांदा गेला तेव्हा म्हाताऱ्याने खजूर पुढे ठेवले आणि चिमुकल्या बिनकानाच्या कपात कहवा, म्हणजे त्यांची कॉफी, ओतला. पानात टाकायचं नाही, ही आपल्याकडची शिस्त. पाहुण्याचा कप रिकामा ठेवायचा नाही, ही त्यांच्याकडची. झालं! हा संपवतोय, तो ओततोय. हा 'पुरे' म्हणतोय, 'बस' म्हणतोय, कपावर हात धरतोय. म्हातारा हसून हात बाजूला करतोय आणि ओततोय. दुसरी किटली चढली, याच्या छातीत धडधडायला लागलं, तेव्हा कुठे म्हाताऱ्याला दया आली. त्याने याचं मनगट धरलं आणि रिकामा कप याच्याच हाताने दोनदा हलवला. कप हलवला म्हणजे पुरे, आता उठायला मोकळे, असा तिथला रिवाज. एवढं शिकूनही हा तिथे कधी कप हलवायचा नाही. "अरे, आता कळलंय ना? मग हलवत जा की!" तर म्हणाला, "हलवला की उठावं लागतं, भावोजी. उठून जायचं कुठे?"

त्याचं अरबी म्हणजे यल्ला, खलास, इन्शाल्ला आणि उख्त. यल्ला म्हणजे चल, उख्त म्हणजे बहीण. बाकी सगळं गुहागरी. एवढ्या भांडवलावर त्याने म्हाताऱ्याला हिची साद्यंत माहिती दिली होती, आणि दर दिवाळीला उख्तच्या करंज्या डब्यात घालून तिकडे पोचवायचा. भाऊबीजेला मात्र जिथे असेल तिथून आमच्याकडे हजर. ओवाळणी म्हणून तबकात वाळवंटातला एखादा दगड टाकायचा. "ताई, लाखो वर्षांचा आहे. याच्यापुढे सोनं म्हणजे कालचं पोर!" ही त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि दगड देवापाशी ठेवायची.

त्या वर्षी भाऊबीज शुक्रवारी आली. आदल्या दिवशी तो फराळाचा डबा घेऊन म्हाताऱ्याकडे गेला. "उद्या दुपारी हजर, ताई. बासुंदी झाकून ठेव." दुपारी हिने पाट मांडला. डोंगरावर आभाळ काळं झालं होतं. फोन लागेना. चार वाजले, दिवे लागले, निरांजनात ही पुन्हा पुन्हा तूप घालत राहिली. वाटेत वादी आली होती. तिकडे पूर आला असं म्हणत नाहीत, वादी आली म्हणतात. ज्या गाडीतून तो येत होता ती इतर गाड्यांसारखी कडेला थांबली. तर हा उतरून एका पिकअपमध्ये बसला, कारण पिकअपवाला पाण्यात गाडी घालायला तयार होता. एका लिफ्टसाठी दिवसभर झाडाखाली बसणारा हा माणूस. जन्मात त्याला कधी घाई झाली नाही, ती नेमकी त्या दिवशी झाली. पिकअपवाला बाभळीला अडकून वाचला. हा तिसऱ्या दिवशी बराच खाली, धोंड्यांत सापडला. वादी म्हणजे काय, हे याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अजून मला त्याचा राग येतो. समोर असता तर दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि मग पोटाशी धरला असता.

ओळख मीच पटवली. पेटी गुहागरला गेली. हिने तबक उचललं नव्हतं. म्हणाली, "त्याची सॅक म्हाताऱ्याकडेच राहिली असेल. तेवढी आणा."

म्हातारा दारातच बसला होता. मी कोण ते त्याला सांगावं लागलं नाही. कोपऱ्यात सॅक होती, बक्कल लावलेली, आणि तिच्यावर आमचा फराळाचा डबा, घासून पुसून ठेवलेला. म्हाताऱ्याने कहवा ओतला. मग एक बोट वर करून दाखवलं: त्या दिवशी एकच कप. आपल्या हातातला रिकामा कप हलवून दाखवला: त्याने स्वतःच हलवला. बाहेरच्या आभाळाकडे हात केला, थांब थांब असं खूप सांगून पाहिलं, आणि मस्कतच्या दिशेने बोट करून म्हणाला, "उख्त."

मी कप संपवला. त्याने ओतला. मी तोही संपवला. मला तो रिवाज चांगला ठाऊक होता, पण हात हलेना. हलवला की उठायचं, ते पोतं पाठीला लावायचं, आणि घरी जाऊन हिच्यासमोर ठेवायचं. तिच्याने ते बघवणार नव्हतं आणि माझ्याने ठेववणार नव्हतं. म्हातारा ओतत होता, मी पीत होतो. बाहेरची उन्हं वाळूवरून उतरत गेली.

किटली संपली. त्याने ती खाली ठेवली, पुढे सरकून माझं मनगट धरलं आणि माझ्या हातातला कप हळूच दोनदा हलवला.

"यल्ला," तो म्हणाला. "उख्त."

मी उठलो.