फेर धरणाऱ्या पेशी

सूक्ष्मदर्शकाखाली माणसाच्या मोठ्या आतड्याच्या पेशी फेर धरून बसल्या होत्या. एका वर्तुळात दुसरे, दुसऱ्यात तिसरे. मधली जागा मात्र मोकळी. रांगोळी म्हणून देखणी. प्रयोग म्हणून निकामी.

या पेशी आतड्याच्या आतल्या अस्तराच्या. ताटलीच्या तळाला त्यांनी सलग, बिनफटीची चादर विणावी, मग तिच्यावर औषध घालून ते पलीकडे किती झिरपते ते मोजावे, हे आमचे काम. ताटलीत पेशी सोडण्याला आम्ही सीडिंग म्हणतो, म्हणजे पेरणीच. पेरल्यावर पहिले काही तास त्या तळाला धरतात. तेवढा वेळ त्यांना केवळ ऊब आणि शांतता लागते.

महाडच्या एमआयडीसीत, कँटीनच्या वरच्या मजल्यावर आमची लॅब. मी आणि माझी सहकारी आफ्रीन, दोघीच. माध्यम बदलून झाले होते. माध्यम म्हणजे पेशींचे खाणेपिणे. कोकमाच्या सरबताच्या रंगाचे. तळाचा लेप बदलला, इन्क्युबेटर तपासून घेतला. तरी वर्तुळेच.

पुण्याच्या मुख्य लॅबमधून आमच्या वरिष्ठांचा, देसाईसरांचा, फोन आला.

"किती व्हायल उरल्या?"

"गोठवलेली एकच कुपी, सर."

"ही गेली तर काम इकडे हलवतो. तुमची खोली पॅकिंगवाले कधीचे मागतायत."

आफ्रीन पडली महाडचीच. आई-अब्बांना सोडून ती पुण्याला जाणार नव्हती. मलाही सावित्री नदीच्या पाण्यावरून येणाऱ्या ओल्या, हिरव्या वासाची सवय झाली होती.

श्रावण सरत आला होता. पहिली पाळी सुटली. दमून मी इन्क्युबेटरला गाल टेकला. धातू कोमट होता, अंगाच्या उबेइतका. आणि त्या उबेतून काहीतरी उमटत होते. धप्, धप्, धप्-धप्. क्षणभर वाटले, आपलेच काळीज.

"आफ्रीन, पाण्याचा ग्लास आण. इथे ठेव."

ग्लासातल्या पाण्यावर वर्तुळ उठले. त्यात दुसरे, त्यात तिसरे. आफ्रीनने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांमधून सांडलेच.

"मॅडम, या तर जाखडी नाचतायत!"

आम्ही जिना उतरलो तो जवळजवळ उड्या मारत. कँटीनची टेबले भिंतीला लावलेली. मध्ये ढोलकीवाला, आणि त्याच्याभोवती आमचेच कामगार फेर धरून जाखडी नाचत होते. पायात घुंगरू, एकेक ठोका फरशी फोडील असा. पावसाने अंगण चिखलाचे, म्हणून गणपतीची तालीम इथे. रोज, नेमकी आमच्या पेरणीनंतर. कप्पाळ!

पुढे पोलादपूरकडच्या कापडे गावचे बुवा होते. पाळीत पॅकिंग करायचे, पाळी सुटली की गाणी रचायचे.

"बुवा, आज एक दिवस नाच थांबवाल?"

"नाय हो मॅडम. गनपती तोंडावर आलं. तुडीलची पोरं अजून उलट्या पायानं फिरतायत."

"आणि कापड्याची काय उडतायत?" मागून कुणीतरी ओरडले. हशा पिकला.

"वर आमच्या पेशी हलतात त्याने. त्यांना धरता येत नाही."

"पेशी? कोनाच्या?"

"एका माणसाच्या आतड्याच्या. ऑपरेशनात काढलेल्या तुकड्यातला निरोगी भाग त्याने संशोधनाला दिला. नाव आम्हालाही ठाऊक नाही."

बुवांनी कपाळावरचा घाम पुसला.

"म्हंजे दान हाय म्हना." ते वळले. "बसा रे सगली! आज पाय नाय, आज निस्ता गला."

"उद्या?" आफ्रीनने विचारले.

"उद्या खुशाल नाचा," मी बुवांना म्हणाले. "एकदा धरल्या की त्या तुम्हाला भीक घालत नाहीत."

शेवटची कुपी आम्ही कोमट पाण्यात वितळवली आणि पेशी पेरल्या. खालून आता फक्त आवाज येत होते, भरदार, भिजलेले. ग्लासातले पाणी आरशासारखे स्थिर राहिले.

सकाळी आधी आफ्रीनने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. माझा दंड धरून तिने गरकन फिरवले मला. तळभर पेशी पसरल्या होत्या, एकीला एक खेटून, नुकत्याच केलेल्या फरसबंदीसारख्या. पुढच्या दिवसांत चादर इतकी घट्ट झाली की तिच्यातून वीज सोडून पाहिली तर तीही अडखळू लागली. आम्हाला हवी ती खूण हीच. खाली तालीम पुन्हा दणाणत होती.

"काय बदललंत?" देसाईसरांनी विचारले.

"काही नाही, सर. एक दिवस खालचा नाच बंद ठेवला."



"रिपोर्टमध्ये 'कंपने' लिहा. आणि पेशींची पुढची ऑर्डर तिथूनच टाका."

पेशी बिघडल्या की आम्ही आधी माध्यमाला दोष देतो, मग लेपाला, मग एकमेकींना. त्याआधी एकदा फरशीवर तळहात टेकून पाहावा. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.