हौसाचा धवला

आमच्या राहनाळची हौसा धवलारीण होती, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आमच्याकडच्या आगरी लग्नात धवलारीण नसली तर नवरा-नवरीला हळदसुद्धा लागत नाही. कुठल्या विधीला कुठलं गाणं, कुठल्या देवाला आधी हाक मारायची, हे सगळं तिच्या तोंडात. हौसाला हे तिच्या सासूने, रंगूबाईने शिकवलं. रंगूबाई गेली, गाणी हौसाकडे आली, आणि हौसाने त्यांत स्वतःची भर घालायला सुरुवात केली. तिथून भानगड.

ही भर घरात कधीच पडली नाही. तिचा नवरा दौलत भिवंडीत कापडाच्या लूमवर रात्रपाळी करायचा आणि दिवसभर घरात झोपायचा. रात्रभर कानाशी लूमचा खडखडाट चाललेला माणूस, त्याच्या उशाशी कोणी ढोल बडवला तरी कूस बदलायचा नाही. पण हौसाने चुलीपाशी नुसतं गुणगुणलं की हा उठून बसायचा. "अगं, माज्यावर दया कर," म्हणायचा. मग हौसा गप्प. दिवसभर कोंडलेलं सगळं बाहेर पडायचं ते लग्नाच्या वाटेवर. बैलगाडी असो, एसटी असो की टेम्पो, चाक फिरायला लागलं की हौसाचं तोंड सुटलं. वाटेत दिसेल ते गाण्यात. सोबत जानकीबाई असायची, मागून ओळ धरायला. हौसा गाऊन झाली की विसरून जायची आणि जानकीबाई काही म्हणजे काही विसरायची नाही. गावातली अर्धी भांडणं जानकीबाईच्या या गुणामुळे जिवंत होती.

देवही हौसाच्या तावडीतून सुटत नसत. लग्नाचं वऱ्हाड गाडीत चढायला लागलं की ती पहिली हाक गणपतीला घालायची:

"गनपती देवा, आधी तूच चढ रं,
पोट तुझं मोठं, सोंड आत ओढ रं!"

म्हाताऱ्या बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या आणि मग देवाची माफी मागायच्या.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. गावातल्या सावळारामने लूमच्या शेडसाठी जमीन विकली आणि एका उन्हाळ्यात त्याचा सावळाशेट झाला. त्याने ट्रक घेतला, काळा चष्मा घेतला आणि मुलाचं, केसरीनाथचं, लग्न अकलोलीच्या चंद्राशी ठरवलं. भिवंडीहून बँड सांगितला. धवलारीण हवी, कारण तिच्याशिवाय लग्न लागत नाही, पण आदल्या दिवशी त्याने हौसाला दारात बोलावून बजावलं, "जुनं ते गा. तुजं नवीन काय बी नको. माजे पाव्हने मोठे लोक हायत."

"बरं," हौसा म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की आपण जुनंच गाऊ.

निघताना सावळाराम, नवरा आणि ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये बसले, बायका मागे ताडपत्रीखाली. हौसा केबिनच्या मागच्या खिडकीला नाक लावून बसली. केसरीनाथ पोरगा चांगला, पण त्याला गाडी लागायची. भिवंडी सुटेपर्यंत त्याने मुंडावळ्यांआडून कळ काढली. अंबाडी नाक्याशी गाडीने एक वळण घेतलं आणि त्याला धीर निघाला नाही. समोर रिकामं असं एकच होतं, ते म्हणजे बापाने मांडीवर जपून ठेवलेली नवी कोरी टोपी. त्याने तिचा उपयोग केला.

ट्रक थांबला. सावळारामने आधी टोपीकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग आभाळाकडे. व्याह्याच्या दारात बोडक्याने जायचं म्हणजे नाक कापलं. शेवटी ड्रायव्हरने गळ्यातला पंचा काढून दिला. त्याने सकाळी त्याच पंच्याने इंजिन पुसलं होतं. सावळारामने तो फेट्यासारखा गुंडाळला, वर काळा चष्मा चढवला आणि म्हणाला, "चल."

मागे हौसाचे ओठ हलायला लागले होते. जानकीबाईने तिचा दंड धरला. "हौसे, न्हाय गो. शेट जीव घेल."

"मी काय करू? ते आपोआप येतंय."

अकलोलीच्या मांडवात हौसाने तीन गाणी जुनी गायली. अगदी शहाण्यासारखी. चौथ्याला व्याहीभेट होती. सावळाराम पुढे झाला, चंद्राचा बाप पुढे झाला, आणि हौसाचा आवाज चढला:

"व्याह्याची गो टोपी कनच्या खुंटीला?
नवऱ्यानं भरली अंबाडी नाक्याला!
व्याह्याच्या डोईला पंचा कुनाचा?
डिझेलचा वास येतो डायवरचा!"

जानकीबाई नको नको म्हणत होती, पण ओळ मागून धरायची सवय वाईट. तिने ती दोनदा धरली. खाली मान घालून बसलेली चंद्रा थरथरायला लागली. बायकांना वाटलं, माहेर सुटतंय म्हणून पोरगी रडते. दोघी-तिघी पाठीवरून हात फिरवायला धावल्या, तेवढ्यात चंद्राच्या नाकातून असा काही आवाज निघाला की बँडवाल्यांना वाटलं आपल्यातल्याच कोणीतरी वाजवलं. नवरी मांडवात खदखदून हसत होती. तिला बघून केसरीनाथ हसला. मग अख्खा मांडव.

सावळाराम हसला नाही. परतल्यावर त्याने गावोगाव निरोप धाडला, की हौसाला लग्नाला बोलवाल तर माझा ट्रक, माझी ओळख, माझं येणंजाणं सगळं बंद. ट्रक तेव्हा पंचक्रोशीत त्याच्याकडेच होता. लोकांनी दुसऱ्या धवलारणी शोधल्या.

हौसाने आधी तोंड वाकडं केलं, "मला काय त्याचं?" पण लग्नसराई आली, दुसऱ्यांची वऱ्हाडं अंजूर फाट्यावरून गात जायला लागली, तेव्हा ती पार उतरली. घरात दौलत झोपलेला, आणि वाट बंद. जेवण जाईना. शेवटी दौलतच म्हणाला, "कुटं तरी जाऊन ये बाय. तू गप बसलीस तरी मला झोप येत न्हाय आता."

मग तिने वज्रेश्वरीचा नवस काढला. कसला नवस, हे देवीलाही ठाऊक नसावं. जानकीबाईला घेऊन ती एसटीत बसली आणि गाडी सुटताच गायला लागली. डोक्यावर कोंबड्या धरून बसलेला म्हातारा, खिडकीसाठी भांडणारे नवरा-बायको, सगळे गाण्यात. कंडक्टर महादू कडक माणूस. तो आला. "ओ बाई, ही एसटी हाय का मांडव?"

हौसाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कंडक्टरदादाची ऐट किती भारी,
मिशीत अडकली सकाळची भाकरी!"

महादूचा हात मिशीकडे गेला, आणि भाकरी खरंच होती. गाडी हसून डुलायला लागली. त्यानंतर हौसाचे नवस वाढतच गेले. महादू तिला बघितलं की आधी मिशी पुसायचा आणि मग घंटी मारायचा.

वर्ष-दीड वर्ष असंच गेलं. मग सावळारामच्या मुलीचं, तुळजाचं, लग्न ठरलं. सासर मानकोलीचं, व्याही राघोशेट. साखरपुड्याला राघोने स्वतःची धवलारीण आणली, आणि तिने भर पंगतीत गाऊन टाकलं की सावळाशेटने जमीन विकली तेव्हा सातबाऱ्यावर अक्कलही चढवून दिली. मानकोलीकर टाळ्या पिटून हसले. राहनाळच्या बाजूने उत्तर द्यायला कोणीच नव्हतं. नवी धवलारीण शांतपणे लाडू खात होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सावळाराम हौसाच्या दारात. आत पाय टाकला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "हौसा..."

"श्श!" हौसाने आत बोट दाखवलं. दौलत झोपला होता; तो ढोलालाही उठत नाही, हे तिने सांगितलं नाही.

ज्याचं साधं बोलणं दोन शेतं पलीकडे ऐकू जायचं, त्या माणसाला कुजबुजत गयावया करावी लागली.

"तुळजाच्या लग्नाला तू हवीस."

"काय? आयकू न्हाय आलं."

"तू हवीस!" कुजबुजता कुजबुजता त्याचा आवाज चिरकला. "त्यांची बाई मला सोलून गेली. तू त्यांना सोल."

"सोलीन. पन मग तुमी पन सुटनार न्हाय. मला काय येईल ते माज्या हातात नसतं."

सावळारामने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "ये."

पण लग्न नवरीच्या दारात, म्हणजे राहनाळातच. हौसाला चार घरं चालून जायचं. "मंग गाणं व्हायाचं न्हाय," ती म्हणाली. "चाक फिराया हवं." सावळारामने कपाळाला हात लावला आणि ट्रक काढला. पाठीमागे, ताडपत्रीखाली, हौसा, जानकीबाई आणि सावळाराम स्वतः. आपल्यावर काय येतंय ते आधी कळावं, एवढाच त्याचा हेतू.

आग्रा रोडने मानकोलीला गेले. राघोशेटच्या घराला तीन वळसे घातले. हौसा पुटपुटत होती. दुसऱ्या वळशाला सावळारामने तिला कोपराने ढोसलं. "बघ, बघ! निळा रंग पुढच्याच भिंतीला दिलाय. मागं नुसतं कुडाचं. ते घाल की!" हौसाने घातलं. तो खूश झाला. मग राघोच्या चुलत्याची घोरण्याची सवय, राघोच्या बैलाची तिरकी शिंगं, सगळं पुरवायला लागला. परतीच्या वाटेवर तो बोटांवर काहीतरी जुळवत होता. फाटा आला तेव्हा हळूच म्हणाला, "माज्यावरचं त्या बाईनं नीट जमवलं न्हाय गो. मी सांगतो तसं घे."

लग्नात राघोशेटचं निळं घर निघालं:

"राघोशेटच्या घराचं तोंड गो निळं,
मागं जाऊन बघा, कुडाचं शेण गळं!"

मानकोलीकर कसनुसे झाले. त्यांना सावरायला वेळ न देता हौसा सावळारामकडे वळली:

"सावळाशेटनं जमीन इकली,
अक्कल बी काढली, ती न्हाय खपली!"

मांडवात पहिला हसला तो सावळाराम. इतका, की चष्मा पडला. राघोशेटने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्यालाही राहवलं नाही. "ही बाई कुटून आनली वो?" म्हणत त्याने व्याह्याला मिठी मारली. ती ओळ नवरीच्या बापाने स्वतः जुळवली होती हे जानकीबाईने आठवडाभर पोटात ठेवलं. तिच्या आयुष्यातला तो विक्रम.

हौसाला पुन्हा बोलावणी सुरू झाली, पूर्वीपेक्षा जास्त. ज्याच्या घरी लग्न, त्याला दुसऱ्याची फजिती ऐकायची हौस. फक्त एक त्रास मागे लागला. सावळारामला आता गाण्याचा नाद लागला होता. कुणाच्याही लग्नाला हौसा निघाली की हा बोलावणं नसताना गाडीत चढायचा, ओळी सुचवायचा. त्यातली दहातली एक बरी असायची आणि उरलेल्या नऊ तो स्वतः गाऊन दाखवायचा. हौसा वैतागायची.

"शेट, तुमाला ताल न्हाय."

"तालाचं जानकीबाई बघेल. तू पुढची ओळ आयक!"

एकदा केवणीला जाताना तिने चक्क त्याचाच ट्रक थांबवून त्याला रस्त्यात उतरवलं. तो धुळीत उभा राहून पुढची ओळ ओरडत होता, आणि ट्रक लांब जाईपर्यंत जानकीबाई ऐकत होती. कारण ओळ, तिच्या मते, बरी होती.