टेलर उत्तमचे झिंगे

मस्कतमधल्या अझैब्यात आमच्या घरामागच्या गल्लीत यासिरचं शिलाईचं दुकान आहे. तिथे ओमानी पुरुषांचे पायघोळ डिशडाशे शिवतात आणि ते शिवणारा माणूस आहे कणकवलीजवळच्या एका खेड्यातला उत्तम. डिशडाशाच्या गळ्याशी रेशमी दोऱ्यांचा एक गोंडा लोंबतो. तो उत्तमसारखा वळणारा या भागात दुसरा नाही, असं यासिर म्हणतो आणि यासिर सहसा कुणाचं कौतुक करत नाही. दुकान त्याचं, पण गिऱ्हाईक दारातून आत आलं की आधी उत्तम कुठाय ते बघतं.

माझा नवरा जयप्रकाश पुण्याचा, अंडंसुद्धा न खाणारा, आणि त्याला वेड मासे पकडण्याचं. दर वर्षी सुट्टी काढून तो हिमाचलात जातो, बर्फाच्या पाण्यात मांडीपर्यंत उभा राहतो, ट्राउट पकडतो, त्याचा फोटो काढतो आणि त्याला सोडून देतो. का, हे मी पहिली काही वर्षं विचारलं. मग विचारणं सोडलं.

या ट्राउटला साधं आमिष चालत नाही म्हणे. थंड नद्यांमध्ये दगडांखाली नखाएवढे झिंगे असतात, ते त्याचं आवडतं खाणं. म्हणून गळावरच तार, दोरा आणि केस गुंडाळून तसा झिंगा बनवायचा. जयप्रकाशच्या बोटांना ते काम जमेना. तो जेवणाच्या टेबलावर सगळा पसारा मांडून बसे आणि गळ माझ्या टेबलक्लॉथला लागे. शेवटी मीच वैतागून म्हटलं, हे सगळं उचल आणि उत्तमकडे जा.

उत्तमने गळ चिमट्यात धरला, फिरवून पाहिला आणि विचारलं, काय व्हायला हवंय याचं? जयप्रकाशने सांगितलं, झिंगा. उत्तम हसला. त्याचं गाव नदीकाठचं, झिंगे खाऊनच वाढलेला तो. दोन दिवसांनी त्याने चार झिंगे करून दिले. वजनाला आत तांब्याची तार, वर सशाचे केस, पाठीवर नव्या शर्टाच्या पिशवीतल्या प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर गोंड्याच्या दोऱ्याचे वेढे आणि पोटाखाली सुईने केस ओढून काढलेले पाय. मी तर बघतच राहिले. इतकं देखणं काम मी सोनाराकडेही पाहिलं नव्हतं.

फक्त ते चारही झिंगे केशरी होते आणि अंग मुडपून गोल झालेले.

जयप्रकाश म्हणाला, “उत्तम, ट्राउट शिजवून नाही रे खात.”

आम्ही दोघं हसलो. उत्तमही हसला, पण मग त्याच्या तोंडावरचं हसू विरलं. तो गळ हातात घेऊन बसून राहिला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, वहिनी, जिवंत झिंग्याचा रंग काय असतो ते मला आठवत नाहीये. ताटातलाच दिसतो डोळ्यांपुढे.

ज्याने लहानपणी रोज आईबरोबर नदीत फडकं धरून झिंगे पकडले, तो हे बोलत होता. तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. दुसरा कारागीर गावी गेला तो परतलाच नाही, तेव्हापासून दुकान एकट्या उत्तमवर होतं. सुट्टी मागितली की यासिर म्हणे, “इन्शाल्ला, ईद के बाद.” एक ईद झाली की दुसरी ईद, मग लग्नसराई, मग पुन्हा ईद. यासिर वाईट माणूस नाही. आजारपणात त्याने उत्तमला स्वतःच्या अल अमेरातच्या घरी नेऊन ठेवलं होतं. पण इन्शाल्ला म्हटलं की उत्तमला पुढे बोलता येत नसे. देवाचं नाव घेतल्यावर वाद कसा घालायचा, असं त्याला वाटे. मला मात्र असं वाटत नसे आणि मी त्याला तसं सांगतही असे.

उत्तमने मग बायकोला, मैनाला, फोन केला आणि नदीवर जाऊन झिंगे दाखव म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. मैना आधी चिडली. भर दुपारी बाईमाणूस नवऱ्याला फोनवर झिंगे दाखवतंय म्हटल्यावर गाव हसेल की नाही? तरी जावेला घेऊन ती गेली. पाण्यात फडकं धरून दोघींनी झिंगे काढले आणि मैनाने ओंजळीतल्या पाण्यात ते फोनसमोर धरले. मी तेव्हा उत्तमकडे खास शिवायला दिलेला ब्लाउज घ्यायला दुकानात गेले होते, म्हणून मलाही दिसलं. झिंगे जवळजवळ पाण्याच्याच रंगाचे होते, जरासे हिरवट, आणि बाणासारखे सरळ पोहत होते.

मला झिंगे दिसले. उत्तम मैनाची ओंजळ बघत होता. किती वाळले गो तुझे हात, एवढंच तो म्हणाला.

पुढचे झिंगे त्याने असे केले की ते पेल्यातल्या पाण्यात टाकले तर शोधावे लागत. एप्रिलमध्ये आम्ही दोघंही निघालो, आधी हिमाचल, मग परतीचं विमान गोव्याहून. निघताना उत्तमने एक झिंगा वेगळ्या डबीत घालून दिला. हा ट्राउटसाठी नाही, म्हणाला. आमच्या गडनदीत टाका, वहिनी. देवळाच्या खाली कोंड आहे, खोल डोहच, तिथे एप्रिलमध्येही पाणी असतं. साहेबांनी एकदाच टाकायचा, मासा लागो न लागो. मी नाही तर नाही, माझ्या हातचं काहीतरी त्या पाण्यात जाऊ दे.

हिमाचलात त्याच्या झिंग्यांवर ट्राउट लागले. जयप्रकाशने फोटो काढून ते सोडले आणि फोटो उत्तमला पाठवले. उत्तमने फक्त विचारलं, कणकवलीला कधी पोचणार?

पोचलो तेव्हा मैना स्टेशनवर आली होती. बारीक चणीची, बोलायला मोकळी बाई. घरी पोटभर जेवायला घालून तिने आम्हाला कोंडावर नेलं. पाणी काळंशार आणि स्थिर होतं. जयप्रकाशने रॉड जोडला आणि दोरीला झिंगा बांधायला डबी उघडली. मैना पुढे झाली.

“ह्यां तेंनी केल्यानी?” तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने तो झिंगा अलगद उचलून तळहातावर घेतला. पाठीवरचे वेढे नखाने मोजावेत तसे हळूहळू चाचपले. जयप्रकाशने हात पुढे केला, तरी ती देईना. नदीत टाकल्यावर याचं काय होतं, असं तिने विचारलं. जयप्रकाश खोटं बोलत नाही, ही त्याची खोड. तो म्हणाला, कधी परत येतो, कधी दगडात अडकून तुटतो.

मैनाने मूठ मिटली.

“तेंका सांगा,” ती म्हणाली, “तुमी येवा आणि तुमीच टाका.”

तिचा आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. जयप्रकाशने रॉड पुन्हा सोडवला. मला तिच्या जवळ जावंसं वाटलं आणि मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले.

तिकडे उत्तम वाट बघत होता. गोव्याच्या रस्त्याला लागल्यावर त्याचा फोन आला. गळ पाण्यात पडलो काय, वहिनी? मी गोड करून सांगायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी मैनाचे शब्द होते तसेच सांगितले. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज चालू होता, तो थांबला. मग फोनच बंद झाला.

पुढचं आम्हाला मस्कतला परतल्यावर यासिरने सांगितलं. तो अजून चक्रावलेला होता. त्याच दिवशी उत्तम मशीनवरून उठला, गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवला आणि त्याने सुट्टी मागितली. यासिरने नेहमीचं उत्तर दिलं.

“इन्शाल्ला नहीं, अर्बाब,” उत्तम मालकाला म्हणाला. “तारीख बोलो.”

यासिरने तारीख दिली. ती ईदनंतरचीच आहे, अजून लांब आहे. उत्तमने ती मैनाला कळवली, तेव्हा तिने ती त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतली.