शिसं इथंच ठेवा

दाउइनच्या किनाऱ्यावर येणारा पाहुणा पाण्याखाली कुणाचं ऐको न ऐको, परतीच्या दिवशी मानांग पेरसिंगचं ऐकतो. आमच्या डायव्हिंगच्या दुकानात मी होडी चालवतो आणि ती पाहुण्यांचं सामान धुते, वाळवते, विमानासाठी बांधून देते. तिच्याहून मोठी माणसंही तिला मानांग, म्हणजे थोरली बहीण म्हणतात. तिच्यापुढे धाकटं झालेलंच बरं असतं.

तिचं बांधणं बघत राहावं. पायातले लांब फिन्स बॅगेच्या दोन्ही कडांना, भिंतीसारखे उभे. तोंडात धरायचा रेग्युलेटर नळ्यांची सैल वेटोळी करून रबरी वेटसूटच्या घडीत, तान्ह्या पोरासारखा गुंडाळलेला. टॉर्चच्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत, चाकू मोठ्या बॅगेत. हवेच्या जॅकेटवर ती स्वतः बसते. आत हवेचा कण राहत नाही. आणि कुणी कमरेची शिशाची वजनं हळूच आत सरकवली, की संपलंच.

“शिसं काय घरचंच गोड लागतं?” ती विचारते. “समुद्र तिथं शिसं. इथंच ठेवा.”

तिच्या मुलाला, एल्जुनला, मालदीवमध्ये गाइडची नोकरी लागली तेव्हा अट एकच होती: स्वतःचं पूर्ण सामान घेऊन या, आल्या दिवसापासून पाण्यात. एल्जुननं पाहुण्यांचं जुनंपानं विकत घेत, एकेक वस्तू जमवून ते उभं केलं होतं. त्यातलं काही मागं राहिलं तर नोकरी गेली. मानांगनं बॅग बांधली, मासळी तोलायच्या काट्याला टांगून पाहिली आणि विमानाच्या मर्यादेला थोडी जागा शिल्लक ठेवली. इथवर सगळं ठीक होतं.

मग संध्याकाळी माणसं यायला लागली. परक्या जागी पोरगं रिकाम्या हातानं जाणार, हे आमच्याकडे कुणाला बघवत नाही. तिया चारिंगनं, म्हणजे आमच्या चारिंग मावशीनं, खारवलेले मासे आणले. मासे, मालदीवला! शेजारच्या बुर्दोयनं नारळाचा व्हिनेगर आणला, कुणी वाळवलेले आंबे, कुणी माशांच्या चटणीची बरणी. मी सुके माकुल नेले होते. ते तरी हलके होते. रोज पाहुण्यांना खडसावणारी मानांग प्रत्येकाला “कशाला एवढं” म्हणत होती आणि घेऊन ठेवत होती. नाही म्हणायला तिची जीभच उचलेना.

सकाळी जीपनी, आमची लांबट जीप, भरून आम्ही सगळे विमानतळावर पोचवायला गेलो. पहारेकरी ओळखीचा, त्यामुळे मानांगला काउंटरपर्यंत जाता आलं. बाकीचे आम्ही काचेला नाक लावून बाहेर; दार उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. काट्यावर बॅग ठेवली आणि काउंटरवरच्या मुलीनं मान हलवली. जादा वजनाचा आकार ऐकून मानांगनं कानाला हात लावला. बॅग उघडायला लावून मुलगी म्हणाली, मग काहीतरी काढा, हे मासेच काढा ना.

मानांगनं फक्त काचेकडे बोट केलं. तिथं तिया चारिंग उभी होती, तिचा डोळा मासळीच्या पुडक्यावर. बुर्दोयचा बाटलीवर. खोटं कशाला बोलू, माझा माकुलांवर. काउंटरवरची पोरगीही आमच्याच गावाकडची. तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं आणि मासळीचं नाव पुन्हा काढलं नाही.

सामान काढायचं नाही, भेटी काढायच्या नाहीत. मग काढायचं काय? मानांगनं वेटसूट उपसला आणि पोराच्या हातात दिला. तो स्वच्छतागृहात गेला आणि गळ्यापर्यंत काळ्या रबरात, वर हवेचं जॅकेट चढवून बाहेर आला. जॅकेटच्या खिशांत आंबे कोंबले. भर उन्हाळ्याचे दिवस; पोरगं जागच्या जागी शिजत होतं. एक म्हातारी त्याला विचारायला आली, विमान पाण्यात पडणार असं काही कळलंय का? आम्ही बाहेर पोट धरून हसत होतो.

तरी काटा जास्तच दाखवत होता. मुलगी म्हणाली, अजून थोडंच.

 मग मानांगनं बॅगेच्या अगदी तळाशी हात घातला, न बघता, आणि लाल फडक्यातलं एक गाठोडं काढून काउंटरवर ठेवलं. आवाजावरूनच कळलं, शिसं. फडकं सरकलं, आणि आमचं हसणं थांबलं.

तो शिशाचा कमरपट्टा होता. तिच्या नवऱ्यानं, सिल्बेस्त्रेनं, सार्डिनच्या डब्यांत शिसं ओतून वजनं घरीच केली होती. डब्याच्या तळाच्या कड्या अजून त्यांवर उमटलेल्या होत्या. तोच पट्टा बांधून तो मासे मारायला बुड्या मारायचा. एल्जुन रांगत होता तेव्हा सिल्बेस्त्रे तापानं गेला.

एल्जुननं पट्ट्याकडे पाहिलं. तो बॅगेत आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“आई,” तो म्हणाला, “तिकडे मिळतं शिसं.”

“मला सांगतोस?” मानांग म्हणाली. “मीच सांगते सगळ्यांना.”

काटा बरोबर बसला. एल्जुननं तिला त्या रबरासकट मिठी मारली आणि आत गेला. ती बाहेर आमच्यात येऊन धावपट्टीच्या कुंपणाशी उभी राहिली. पट्टा घेऊ का, असं मी विचारलं; तिनं तो पोटाशी धरला. मला फार वाईट वाटलं, पट्ट्याच्या जागी गेलेल्या माझ्या माकुलांचं तर जास्तच.

विमान धावायला लागलं तसं तिनं फडकं माझ्या खांद्यावर टाकलं, पट्टा स्वतःच्या झग्यावरून कमरेला आवळून बांधला आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागली. घरी पोचेपर्यंत तिनं तो सोडला नाही.