तीन खेपा

तुळशीरामभाऊ गेले त्याला आता सहा आठवडे होतील. परतवाड्यात त्यांना न ओळखणारा मोटारवाला नव्हता, आणि त्यांच्यावर माझ्याइतकी चिडणारी बाईही दुसरी नव्हती. आजही मी चिडलेलीच आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास त्यांची बायको, सुभद्रावहिनी, धापा टाकत माझ्या फाटकात आली. "बाई, ह्यायच्या छातीत कळ येऊन राहिली. डाक्टर म्हनते, आत्ताच्या आत्ता अमरावतीले न्या, पन झोपवून न्या. गाडी काढा." एस. टी. नुकतीच गेली होती, आणि तीत माणूस झोपवणार कुठे? जंगल खात्याची जीप वर मेळघाटात. राहिली माझी गाडी. मी पदर खोचला, किल्ली फिरवली, सेल्फचं बटण दाबलं. टक्... बस्स. पुन्हा दाबलं. टक्.

ही गाडी माझ्या वडिलांची, अकोल्याची. ते वारले तेव्हा माझ्याकडे आली, आणि मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण स्वतः मोटार हाकते म्हणून गावाला फुकटचा तमाशा मिळाला. हसले नाहीत ते एकटे तुळशीरामभाऊ. तेही मूळचे अकोल्याचे. जुन्या शहरात, मोर्णेकाठच्या एका गॅरेजात काम शिकलेले. गाडी बंद पडली की मी कावून विचारायची, "अहो, झालंय तरी काय?" त्यावर "मले काय ठाव? पाहू," हे उत्तर ठरलेलं. अंदाज सांगणं त्यांच्या लेखी पाप होतं. एक तपास करायचा, त्याचं उत्तर मिळालं की मगच पुढचा. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले, घरातले देव गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली, आणि ही खोड अधिकच पक्की झाली. "मी म्हनतो म्हनून मानू नोका, बाई. सोता पाहून घ्या." आणि पाहत बसण्यात माझी शाळेची वेळ टळून जायची! एकदा म्हणाले, अर्धा तास बसा, सेल्फचं सगळं समजावून देतो. मी म्हटलं, "मला काय करायचंय शिकून? तुम्ही आहात ना..." तो अर्धा तास आता कुठून आणू?

तर त्या सकाळी मी वहिनींनाच परत पाठवलं. "त्यांना सांगा, नुसतं टक् करते." घर दहा मिनिटांच्या वाटेवर. दुसरं कोणी मिळालं असतं, पण भाऊंचा निरोप अक्षर न बदलता आणतील त्या वहिनीच, असं मला वाटलं. त्या आल्या. "इचारते, लाइट लावून बटन दाबा. मंदावते का तसाच राहते?" दाबलं. लाइट पार विझल्यासारखा झाला. "मंदावतो म्हणावं." गेल्या, पुन्हा आल्या. "इचारते, हँडल फिरते का?" आता खरं सांगायचं तर, पुढून घालून इंजिन हातानं फिरवायचं ते हँडल मी आधीच मारून पाहिलं होतं. ते तसूभरही हललं नव्हतं, पण माझ्याच मनगटात जोर नाही असं समजून मी गप्प बसले होते. आता सगळं अंग टाकून लोंबकळले. "नाही फिरत." वहिनी घामाघूम होऊन गाडीकडे बघत तशाच उभ्या राहिल्या, अन् माझा पारा चढला. "उभ्या काय राहिलात? पळा!"

त्या गेल्या. काही सुचेना. बॉनेट उघडलं, मिटलं. पुन्हा बटण दाबलं. गाडीला लाथ घातली. इतकी वर्षं मुलींना धीर धरा, धीर धरा म्हणून शिकवत आले, आणि फाटकाला धरून लहान पोरीसारखी रडले. वहिनी तिसऱ्यांदा आल्या त्या विचारायला नव्हे. "किल्ली बंद करा, टाप गेअर टाका अन् गाडी मागं-पुढं हालवा. सेल्फचं चाक इंजिनच्या दात्यात फसलं हाये." आम्ही दोघींनी रेटली, ओढली, रेटली. खट् झालं. मग बटण दाबलं आणि गाडी मुकाट्यानं सुरू झाली. भाऊंना मागच्या सीटवर निजवलं तेव्हा डोळे मिटलेले होते, श्वास चालू होता. मी आयुष्यात कधी हाकली नव्हती तशी गाडी हाकली. पूर्णेचा पूल यायच्या आधी वहिनी मागून म्हणाल्या, "आता सावकास चालवा, बाई..."

माझा राग होता तो भाऊंवर. जीव चाललाय, तरी एकेक प्रश्न पाठवत बसायचं? सगळे उपाय एकदम सांगितले असते तर काय बिघडत होतं? तास गेला हो त्यात! हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. परवा त्यांच्या घरी गेले होते. एकच खोली. खुंटीवर त्यांचा खाकी सदरा आहे, भिंतीशी लहानापासून मोठ्यापर्यंत नट आवळायचे पाने मांडलेले आहेत, सगळे पुसून लख्ख. ते पाहिलं आणि मला राहवलं नाही. बोलून गेले, की तुमच्या माणसाच्या हट्टानं त्यांचा घात केला.

वहिनी चहा गाळत होत्या. "त्यायले नोका बोलू, बाई. तिसऱ्या खेपेले ते बोलतच नव्हते. ते म्या सांगतलं."

"तुम्ही? तुम्हाला काय ठाऊक?"

"अठरा वर्षं त्यायच्या बाजूले बसून पाने धुतले न जी. दुसऱ्या खेपेले तुमी म्हनलं, हँडल फिरत नाई. तवाच समजलं मले. तिथंच सांगनार होती..." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "पन तुमी म्हनलं, पळा."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, हे मी दरवर्षी पोरींना अर्थासकट लिहायला लावते. माझ्या फाटकात उत्तर उभं होतं, घामानं भिजलेलं, आणि मी त्याच्यावर खेकसले. मी पळा म्हटलं, म्हणून वहिनी पळाल्या.